कुबट दाण्यांचं पीठ

कुबट शेंगदाण्यांचा वास आला की मला ऐंशीच्या दशकातली ओहायोतली आमची लॅब आठवते. माझ्यासोबत पोषणशास्त्र शिकणारी आफ्रिकेतल्या मलावीची मैत्रीण एकदा गावाहून आलेलं दाण्यांचं पीठ टेस्ट करायला घेऊन आली. बाळांच्या पेजेत ते घाला, असं गावातल्या आयांना तिनेच शिकवलं होतं. अंधार करून आम्ही यूव्ही दिवा लावला, तसा तिचा नमुना निळा चमकला. बुरशीचं विष! "चांगले दाणे बाजारात जातात," ती पुटपुटली, "काळे पडलेले घरी कुटतात." आमच्याकडेही तसंच करायचे. निरोप गावी पोचायला महिना लागणार होता, आणि पेज तर रोज शिजत होती. आज सून नातवासाठी कूट करायला बसली की मी म्हणतेच, "निवडून काढलेले खराब दाणे कुठे आहेत, दाखव."