आतल्या भोकातल्या सळया

काकूंच्या हातात स्क्रू ड्रायव्हर असला की काकासुद्धा तोंड उघडायच्या आधी दोनदा विचार करत. काकूंचं उभं आयुष्य शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेलं. विमानं मात्र लग्नानंतर गळ्यात पडली. काका छोटी विमानं बांधायचे आणि रिमोटवर उडवायचे. विमानाच्या पोटातल्या चिमुकल्या मोटरींपासून पंखांच्या नि शेपटीच्या हलत्या फळ्यांपर्यंत जाणाऱ्या सळया मात्र बसवायच्या काकूंनीच. "सळई बसवणं तुमच्या सात पिढ्यांना जमायचं नाही," असं त्या चारचौघांत ऐकवत, आणि काका हसत.

वर्षभरापासून काकांचा उजवा हात थरथरायला लागला होता. हात थरथरला की रिमोटची दांडी थरथरे, आणि वर विमान दारू प्यायल्यासारखं झिंगे. शेवटी क्लबच्या सेक्रेटरीने सांगून टाकलं, "काका, रविवारी एकदा नीट उडवून दाखवा. नाही जमलं तर यापुढे नुसतं बघायला या." काकांना घास गोड लागेना. काकूंचा जीव तीळतीळ तुटत होता. पण रडत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेत!

"सळया जरा ढिल्या ठेव," काका म्हणाले. "थरथर मधल्यामध्ये जिरेल."

"वा रे शहाणे! फळी फडफडून शेपूट हवेतच सुटेल. तुम्ही गप्प बसा, मी बघते."

मोटरीच्या इवल्याशा हाताला ओळीने भोकं असतात. सळई बाहेरच्या भोकात घातली की दांडी जराशी हलवली तरी फळी भरपूर हलते. आतल्या भोकात घातली की तेवढ्याच हालचालीला फळी निम्मीच हलते. काकूंनी सगळ्या सळया आतल्या भोकांत घातल्या आणि टोकांचे आटे फिरवून फळ्या पुन्हा सरळ रेषेत आणल्या. जोराचा वारा आला तर विमान सावरायला जड जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण काकांवर त्यांचा भरवसा होता. काकांना मात्र सांगितलं नाही; सांगितलं असतं तर हटून बसले असते.

रविवारी काका नेहमीसारखे विमानाच्या मागे उभे राहिले, रिमोटने एकेक फळी हलवून पाहिली, काकूंकडे एक नजर टाकली आणि विमान सोडलं. काय सरळ गेलं म्हणता! उतरताना मात्र आडवा वारा आला आणि एक पंख खाली गेला.

"गेलं!" सेक्रेटरी ओरडला.

काकांनी दांडी पार टोकाला रेटली. पंख सावरला आणि विमान अलगद गवतावर टेकलं. सेक्रेटरीने काकांच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या रविवारीही उडवायला या!"

काकांचा हात अजून थरथरतच होता.

"आतल्या भोकांत घातल्यास ना?" त्यांनी हळूच विचारलं. "फळ्या हलवून बघितल्या तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"सळयांच्या बाबतीत मी कधी तोंड घालतो का? घरातली बाकीची विमानंही तशीच कर. हा हात काही आता सुधारायचा नाही गं."

वर्षभरात हे ते पहिल्यांदाच बोलले होते. काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आज घरी गेल्यावर लगेच करते," त्या म्हणाल्या, आणि तो थरथरता हात दोन्ही हातांत धरून ठेवला.