कडुनिंबाखालची फियाट

शालू, आम्ही सांगलीहून जयपूरला निघालो त्या सकाळी आप्पांनी फियाटपुढे नारळ फोडला आणि गाडीचे कागद माझ्या पर्समध्ये कोंबले. "परमुलखात कुणावर विसंबू नका," एवढंच म्हणाले. तू फाटकाशी रडत होतीस. मला मात्र रडू आलं नाही, कारण तेव्हापासूनच मी वाटेतल्या प्रत्येक माणसाकडे संशयानं बघायला लागले होते.

दुर्गापुऱ्यात घर मिळालं. समोर पोस्टातून निवृत्त झालेले शर्माजी राहायचे. दिवसभर खाटेवर बसून कडुनिंबाखालच्या आमच्या गाडीकडे टक लावून बघायचे. "आज गाड़ी नहीं निकाली?" हे रोजचं. या माणसाला करायचंय काय? गाडी मागायचा बेत असेल, नाहीतर टायर लांबवायचा. मीही पडद्याआडून त्यांच्यावर नजर ठेवायला लागले.

दुसऱ्या हिवाळ्यात दारात पोलीस आला. चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, एक फियाट सायकलवाल्याला उडवून पळाली होती. पुरता नंबर कुणी टिपला नव्हता, पण महाराष्ट्राचा होता म्हणे. मग बोट आमच्याकडेच. आमचे हे विमा कंपनीत, मोटारींच्या दाव्यांवर. लायसन्सवर शेरा पडला की विमावाले पुढे प्रत्येक दावा कसा उलटसुलट तपासतात, हे लोकांना समजावून सांगणारे हेच. आता यांचंच लायसन्स पोलिसांकडे. शेरा पडला तर त्या खुर्चीत कोणत्या तोंडानं बसणार, या काळजीनं यांचं जेवण सुटलं. आमचं नाव शर्माजींनीच दिलं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

कोर्टात शर्माजी न बोलावता हजर. न्यायाधीशांपुढे हात जोडून ते म्हणाले, "हुकम, इन बाहरवालों पे तो मुझे पहले दिन से शक था. गाड़ी कब आवे, कब जावे, सब देखता हूँ. उस दिन तो सुबह से रात तक नीम के नीचे ही खड़ी थी."

लायसन्स कोरं परत मिळालं. घरी येताना शर्माजी आमच्याच गाडीत मागे बसले होते. त्यांनी सीटखालीसुद्धा वाकून बघितलं.

आता पुण्यात सोसायटीत गाडी महिनाभर हलली नाही तरी कुणी विचारत नाही. विमा भरलेला आहे, पण आमची गाडी कुठे होती हे शपथेवर सांगेल असं इथे कोण आहे? तू विचारतेस, जयपूर कधी आपलं वाटलं का. त्या कोर्टात वाटलं, शालू, आणि अजून वाटतं.

परवा खाली राजस्थानच्या नंबरची एक गाडी लागली. नवराबायको नवीन दिसतात. मी गॅलरीत खुर्ची टाकली आहे. गाडी कधी येते, कधी जाते, सगळं बघते.