आईला रडायला सांगितलं तेव्हा

"काकू, ही साडी नको. फाटकी नाहीये का एखादी?"

अथर्व माझ्या आईला म्हणाला. आमच्याच घरात, चटईवर बूट घालून उभा राहून.

आई गांगरली. पोरं घरी येणार म्हणून तिने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. पोहे केले होते. कुणी हात लावला नव्हता.

भांडुपच्या टेकडीवरची आमची खोली. अथर्व मुलुंडचा, माझ्याच कॉलेजातला. शॉर्ट फिल्मची स्पर्धा होती. शुक्रवारी विषय मिळणार, रविवारी संध्याकाळी फिल्म द्यायची. लिहिणं, शूटिंग, एडिटिंग, सगळं तेवढ्यातच. मला यातलं काहीच येत नव्हतं. शिकायचं होतं म्हणून टीममध्ये शिरले. कॅमेरा अथर्वचा, म्हणून टीमही त्याची. मी कॅमेऱ्याजवळ गेले की म्हणायचा, "तू नको गं. पडेल." मग मी चहा आणायचे.

त्या दिवशी तालीम होती. विषय काहीही येवो, फिल्म गरिबीवर आणि घर आमचं, हे त्यानेच ठरवलेलं.

"काकू, कोपऱ्यात बसा आणि रडा. पातेली पण काळी करा ना. इतकी चकाचक कोण ठेवतं यार इथे?"

बाकीचे हसले.

मी भिंतीला चिकटून उभी. बोलले तर टीममधून जाईन. मग मला कोण घेणार?

त्याने भिंतीकडे बोट केलं. निळ्या कोटातला फोटो. "हा काढू. हा दिसला की उगाच जातबीत येते. आपल्याला फक्त गरिबी पाहिजे."

तो खुर्चीवर चढला. फोटोला हात घातला.

"हात काढ."

आवाज माझा होता. चिरका.

"काय?"

"हात काढ. खाली उतर. इथे शूटिंग होणार नाही."

"पागल झालीस? तू काय करणार आमच्याशिवाय? लेन्समधलं काय कळतं तुला?"

"नाही कळत. उतर."

ते गेले. दार लावलं आणि मी तिथेच खाली बसले. वाट लागली, एवढंच डोक्यात.

आई शेजारी येऊन बसली. "घाबरलीस?"

"हो."

"मी पण. पण बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात कुणी बोललं नाही माझ्याशी. स्पर्धेची नोंदणी अजून चालू होती. शेजारच्या रेश्माला विचारलं. ती पार्लरमध्ये कामाला जाते. म्हणाली, "मला तर काहीच येत नाही." म्हटलं, "मला पण." दिग्दर्शक म्हणून माझं नाव घातलं. बटण दाबलं.

आता आम्ही दोघी रोज मोबाईलवर सराव करतो. हात हलतो. आवाज फाटतो. काल नळावरच्या बायकांना आधी विचारलं, मग शूट केलं. एकीने नको म्हटलं. तिला सोडलं.

उद्या शुक्रवार. विषय काय येईल, वेळेत होईल की नाही, माहीत नाही. लोक हसतीलही. हसू देत. आमची माणसं पडद्यावर कशी दिसणार, हे यापुढे दुसरं कुणी ठरवणार नाही. भीती जाण्याची वाट बघत मी थांबणार नाही.