आज संध्याकाळच्या भांड्यापुरते

माकोपानोची भाजी थंडी आली तरी संपत नाही आणि थंडी जायच्या आधी पुन्हा सुरू होते, असं आमच्या लेसोथोच्या डोंगरात म्हणतात. यात कौतुक किती आणि जळफळाट किती, हे म्हणणाऱ्यावर अवलंबून आहे. तिच्या अंगणात दगड रचून कमरेएवढे उंच केलेले गोल वाफे आहेत. मधल्या पोकळीत राख, शेण, खरकटं पडतं. दगड दिवसभर ऊन खातात आणि अंधार पडल्यावर ते मुळांना थोडं थोडं परत देतात. पालक, बीट, कोबी यांची सोय अशी झालेली. भोपळ्याला मात्र पसरायला जागा लागते, म्हणून त्याचे वेल खाली उतारावर, उघड्यावर. विधवा बाई, एकटी राहते. बर्फाने रस्ता बंद झाला की हे भोपळेच तिला हिवाळ्यातून पार नेतात.

त्या वर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे आमच्याकडे थंडीच्या तोंडावर, म्हातारे खोत्सेंग वारले. गावात कुणी गेलं की मूठमाती होईपर्यंत शेताला हात लावायचा नाही, नाहीतर गारा पडतात, हिव पडतं. नियम जुना आहे. सकाळी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुरला जायचा, त्या काळातला. आता शहरात प्रेतं ठेवायला बर्फाची पेटी आहे, आणि खोत्सेंगांचा मुलगा दूरच्या खाणीत, त्याला रजा मिळायची होती. दफन पुढच्याच्या पुढच्या शनिवारी ठरलं. म्हातारा गारठ्यात सुखरूप राहणार होता. प्रश्न भोपळ्यांचा होता.

बुधवारी दुपारनंतर वारा पडला आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. माकोपानो तडक गावप्रमुख लेबोनांकडे गेली. आमच्यात मोठ्या माणसाला 'न्ताते' म्हणतात, बाईला 'म्मे'.

"न्ताते, आज हिव पडणार."

"पडेल. नियम मी केलेला नाही, म्मे."

"रोजच्या भांड्यापुरती भाजी खुडायला तर बंदी नाही ना?"

"भांड्यापुरती नाही. पोटाला कोण अडवतंय?"

ती घरी आली, सुरी घेतली आणि आज संध्याकाळच्या भांड्यापुरते म्हणून उतारावरचे सगळे भोपळे कापले. पाठीवर, डोक्यावर, शेवटी गाढवावर घालून वर आणले. दारापुढे ढीग लागला.

शेजारची मालेबुसा कुंपणावरून ओरडली, "काय गं, भांडं केवढं आहे तुझं?"

"भूक मोठी आहे."

"मग मीही कापते माझे!"

पण तोवर कुणीतरी लेबोनांना कळवलं होतं. ते घोंगडी सावरत आले, ढिगाभोवती एक चक्कर मारली आणि ज्या आवाजात ते गुरांचे तंटे सोडवतात त्याच आवाजात म्हणाले, "म्मे माकोपानो, हे आजच्या भांड्याचे?"

"हो, न्ताते."

"छान. भांड्यासाठी कापलं ते भांड्यातच गेलं पाहिजे. खोत्सेंगांकडे रोज प्रार्थनेला माणसं जमतात, उपाशी बसतात. आजपासून तिथला भोपळा तुझ्याकडून."

"सगळे एका दिवशी कसे मावतील?"

"भांडं उद्याही चुलीवर चढेल. दफनापर्यंत चढेल."

हे ऐकून मालेबुसाने सुरी परत चुलीपाशी ठेवली. बाकीच्यांनीही.

सकाळी उतार पांढरा होता. ऊन आलं तसे सगळ्यांचे वेल काळे पडले, आणि भोपळे आतून असे पिचले की गुरांनीही तोंड वाकडं करून खाल्ले. गावात फक्त माकोपानोचे धड उरले, आणि तेही रोज संध्याकाळी सगळं गाव मक्याच्या घट्ट उकडीबरोबर खात होतं. लेबोना दुसऱ्यांदा वाढून घेत. चव चांगली आहे, असंही म्हणत.

ती भोपळे मुकाट्याने पोचवी, पण कापताना तिथल्या चुलीपाशी बसे. मांडीवर पत्र्याचा डबा.

"अगं, मेलेल्याच्या घरी बिया वेचतेस? लाज नाही वाटत?" मालेबुसा म्हणाली.

"न्ताते म्हणाले भोपळा भांड्यात. बियांचं काही बोलले नाहीत. आणि तू बिया खातेस का?"

दफन झालं तेव्हा तीन भोपळे उरले होते. तो हिवाळा तिने वाळवलेल्या पाल्यावर आणि बीटावर काढला. कुणी विचारलं तर "बरं चाललंय" म्हणे. ते खरं नव्हतं, पण चूल दिसत होती, पोट दिसत नव्हतं. विचारणारे तेवढ्यावर परत जात.

ऑक्टोबरमध्ये जमीन मऊ झाली. पेरायला भोपळ्याचं बी गावात दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं; ते भोपळ्यांबरोबर गुरांच्या पोटात गेलं होतं. लेबोना सणाची घोंगडी पांघरून, टोपी हातात धरून तिच्या दारात आले. मागे मालेबुसा, आणि तिच्यामागे बरंच गाव.

"थोड्या बिया हव्या होत्या, म्मे."

"आज संध्याकाळच्या भांड्यासाठी?"

लेबोनांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मालेबुसाला खोकला आला.

"पेरायला," ते म्हणाले.

"देते. माझ्या बियांचा जिथे वेल चढेल, त्याचा पहिला भोपळा माझ्या दारात. मार्च संपायच्या आत. गावात कुणी मेलेलं असो नसो."

"नियमच करतेस की काय?"

"नियम तुमचे, न्ताते. मी भांड्याचं बोलतेय."

पुढच्या मार्चअखेर तिच्या भिंतीला लागून भोपळ्यांची रांग लागली. लेबोनांचा सगळ्यात मोठा होता, तो त्यांनी स्वतः आणून ठेवला. माकोपानोने रांग एकदा नजरेखालून घातली, आभाळाकडे पाहिलं आणि मालेबुसाला म्हणाली, "आता ज्याला मरायचं असेल त्याने खुशाल मरावं, बाई."