दगडापल्याडची पट्टी

ती घटना आजही आठवते, आणि नेमकं म्हणूनच मी ती इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. त्या तपासाबद्दल मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली, हे लोकांना माहीत आहे. त्याच तपासापायी माझ्या वेतनवाढी थांबल्या, हे घरीसुद्धा मी धड सांगितलं नव्हतं. नावं कुणाचीच देत नाही, ठाण्याचंही नाही. कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो, तिथं औरादच्या बाजूचं ते ठाणं होतं, एवढं पुरे.

सीमेवरच्या ठाण्यात फिर्यादीला पहिला प्रश्न 'काय झालं' हा नसतो, 'कुठं झालं' हा असतो. जागा पलीकडची निघाली की पंचनामा टळतो, कोर्टाच्या खेपा टळतात. याला आमच्यात 'हद्द बघून घेणं' म्हणत. नवा फौजदार रुजू झाला की आधी हेच शिकायचा. मीही शिकलो होतो.

त्या दिवशी सकाळची हजेरी आटोपली होती. आवारात एक बाई उभ्या होत्या, पदराला रक्ताचे डाग, खांद्यावर नवऱ्याचं घोंगडं. धनगराचं घर, थोडी कोरडवाहू जमीन, बाकी सगळी भिस्त मेंढरांवर. आदल्या दिवशी शिवेवरच्या माळावर टेम्पो आला, माणसं उतरली, नवऱ्याच्या डोक्यात काठ्या घातल्या आणि अख्खा कळप भरून नेला. नवरा बीदरच्या दवाखान्यात बेशुद्ध पडला होता. ठाण्यात सगळे त्यांना अक्का म्हणू लागले, मीही इथं तेच म्हणतो.

हवालदारांनी ऐकून घेतलं आणि नेहमीचं विचारलं, "शिवेच्या दगडाच्या अल्याड का पल्याड, अक्का?"

"पल्याड."

"मग पलीकडच्या ठाण्याला जावा."

"तिकडनंच यायले म्या. ते म्हणतेत, नकाशात ती जमीन तुमची हाय. तुमी म्हणायलात, दगडापल्याड त्यांची हाय. मग माझा नवरा काय आभाळात मार खाल्ला व्हय?"

अक्का माझ्याकडं वळल्या. "मेंढरं एकदा हैदराबादच्या बाजारात चढली की कापलीच, सायेब. मग तुमचा कागद घेऊन म्या काय करू? लेकरांना चारू?"

मी म्हणालो, "बघतो." पोलिसाच्या तोंडी या शब्दाचा अर्थ काय असतो, ते त्यांनाही ठाऊक होतं.

आमच्याकडं तेव्हा एक महिला उपनिरीक्षक नुकत्याच रुजू झाल्या होत्या. हुमनाबादकडच्या बौद्ध घरातल्या, इंजिनिअर होऊन खात्यात आलेल्या. त्या म्हणाल्या, "सर, फिर्याद मी घेते. हद्द कुणाची ते गावनकाशावरून ठरवू. दगड काय, दगड बोलत नाही."

भूमापन कार्यालयातून त्यांनी गावनकाशाची नक्कल आणवली आणि स्कॅन करून ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर चढवली. त्या कॉम्प्युटरवर तोवर आरोपपत्रं टाईप व्हायची, नाहीतर पत्ते खेळले जायचे. मॅडमनी पडद्यावर उपग्रहाचं छायाचित्र उघडलं, वर तो जुना नकाशा ठेवला आणि एकेक खूण जुळवू लागल्या. नकाशातल्या देवळाचा कोपरा छायाचित्रातल्या देवळावर, मोरी मोरीवर, विहीर विहिरीवर. अशा खुणा पक्क्या केल्या की कागदी नकाशाला जमिनीचे खरे अक्षांश-रेखांश मिळतात, असं त्यांनी आम्हाला समजावलं.

पहिल्यांदा नकाशा बसला, पण तिरपा. हवालदार मागून वाकून म्हणाले, "मॅडम, ओढा टेकडीवर चढायलाय की!" सगळे हसले, मॅडमही हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की गावात विहिरी दोन आहेत. नकाशातली जुनी आणि त्यांनी जुळवलेली नवी. ती खूण काढून त्यांनी दर्ग्याचा कोपरा घेतला, आणि ओढा निमूटपणे आपल्या पात्रात उतरला. नकाशा त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर घेतला आणि आम्ही माळावर गेलो.

मोबाईलवर एक निळं टिंब आमच्याबरोबर चालत होतं. आम्ही दगडापाशी पोचलो. दगड ओलांडला. टिंब अजून आमच्याच गावात. कळप लुटला ती जागा आली, मातीत टेम्पोची चाकोरी, मेंढरांच्या लेंड्या, काठीचा तुकडा. टिंब अजून आमच्याच गावात. खरी शीव त्याच्याही पुढं, एक अख्खं शेत सोडून होती.

"मोबाईलची चूक दोन-चार पावलांची असते," मॅडम म्हणाल्या. "हा दगड कुणीतरी हलवलाय सर."

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी मोबाईलकडं पाहत राहिलो.

तो दगड मी हलवला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, याच ठाण्यात असताना, त्या माळावर एका फिरत्या मजुराचं प्रेत सापडलं होतं. वरिष्ठ म्हणाले, "हद्द बघून घ्या." मी तीन शिपाई नेले, शिवेचा दगड उपटला आणि अलीकडं आणून रोवला. प्रेत पलीकडच्यांच्या वाट्याला गेलं. त्यांनी भांडून पाहिलं, शेवटी बेवारस म्हणून उरकलं. आम्ही त्या दिवशी हुश्श केलं. तेव्हापासून नकाशातली शीव आणि माझा दगड यांच्यामधली पट्टी कुणाचीच राहिली नव्हती. मी एक ओझं टाळलं आणि चोरांना एक मुलूख आंदण दिला.

गुन्हा आमच्या ठाण्यात नोंदवला गेला. आमची जीप ढाब्याढाब्यांवर विचारत फिरली, आणि दुसऱ्या दिवशी मन्नाएखेळ्ळीच्या एका ढाबेवाल्याकडून खबर आली. एक टेम्पोवाला जेवता जेवता फुशारकी मारत होता की सीमेवरच्या पट्टीत काहीही करा, दोन्ही ठाणी एकमेकांकडं बोट दाखवत बसतात. टेम्पोला मेंढरांचा वास येत होता. "बिर्याणीसमोर माणूस खरं बोलतो सायेब," ढाबेवाला म्हणाला, "म्हणून म्या आजून एक प्लेट दिली, थांबवून धरायला." आम्ही त्याला त्या दुसऱ्या प्लेटवरूनच उचलला.

चौकशीत तो निवांत होता. माझा अनुभव असा की घाबरलेल्या माणसाला बोलतं करणं सोपं, निर्धास्त माणसाला अवघड.

"मेंढरं कुठायत?" मी विचारलं.

"कुठली मेंढरं? आन ती जागा तुमच्या हद्दीत न्हाई अण्णा. दगड बघा की."

हवालदारांची लेखणी थांबली. आम्ही जागेचं नाव काढलंच नव्हतं. पण त्याला आपली चूक कळली तरी तो डगमगला नाही. मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडं फिरवला आणि पट्टीवर बोट ठेवलं. तो हसला. "ही पट्टी कामून तुमच्यात दावायलाय? ह्याला कोण मानतंय? दगड माझ्या आज्याच्या वेळचा हाय. कोर्टात वकील दगडच दावणार."

खरं होतं ते. दगडाचा खुलासा झाला नाही तर खटला हद्दीवरच अडकणार होता. आणि तोवर मेंढरं हैदराबादला पोचणार होती. दाराबाहेर अक्का घोंगडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

"आज्याच्या वेळचा नाही," मी म्हणालो. "तो दगड तिथं मी रोवलाय. कोर्टात तसंच सांगणार आहे."

मग हवालदार म्हणाले, "म्या बी होतो. पहार माझ्या हातात होती."

टेम्पोवाला आमच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत राहिला. "कसलं ठाणं म्हणावं ह्याला!" तो पुटपुटला. त्याचा सगळा जोर त्या दगडावर होता, तो गेल्यावर त्याच्यात काही उरलं नाही. नकाशा त्याला वाचता येत नव्हता, पण छायाचित्रात ढाब्याचं पत्र्याचं छप्पर त्यानं ओळखलं. तिथून हुमनाबादच्या दिशेनं बोट सरकवत नेलं. "ही लाल चौकोनं हायत न्हवं, जांभ्या दगडाची बंद खाण. तितं. उद्या सकाळी गाडी लागणार हाय."

मॅडमनी तिथं खूण केली. मुख्य वाटेवर चोरांचा माणूस बसलेला असायचा, म्हणून मोबाईलवर बघून आम्ही मागच्या शेतवाटेनं गेलो. जीपमध्ये अक्का होत्या. त्यांना नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

खाणीत उन्हानं लखलखणारा लाल फुफाटा होता. तिघं पत्ते खेळत सापडले, उठायलासुद्धा वेळ मिळाला नाही. पण खाली दोन-तीन कळप एकत्र कोंडलेले होते आणि सगळ्यांच्या पाठीवर चोरांनी एकसारखा निळा रंग फासलेला. "आता ओळखणार कशी?" मॅडम म्हणाल्या.

अक्का खाणीच्या कडेला गेल्या, तोंडाला हात लावला आणि हाक घातली. "हुर्रर्र, ये गे बाये!"

त्या गर्दीतून एक म्हातारी मेंढी मान वर करून निघाली, तिच्यामागं दुसरी, आणि मग लोंढाच्या लोंढा चढण चढून वर आला. अक्कांच्या भोवती त्यांचाच कळप, बाकीची मेंढरं खाली तशीच उभी. इतक्या वर्षांच्या नोकरीत ओळखपरेड पुष्कळ घेतल्या, पण इतकी चोख एकही झाली नाही. पंचनामा लिहिताना हवालदारांचं डोळे पुसायचं काम चालू होतं. विचारलं तर म्हणाले, "धूळ."

अक्कांचा नवरा शुद्धीवर आला, पुढं कोर्टात त्यानं आरोपी ओळखले. बचावाच्या वकिलांनी हद्दीचा मुद्दा काढलाच. दोन्ही राज्यांच्या भूमापकांनी मिळून मोजणी केली, ती मॅडमच्या नकाशाशी जुळली. दगडाबद्दल मी पिंजऱ्यात उभा राहून सांगितलं. आरोपींना शिक्षा झाली, माझी खातेनिहाय चौकशी झाली, आणि पुढं काही वर्षांनी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पट्टीतली जुनी, दाबलेली गाऱ्हाणी एकेक करून ठाण्यात येऊ लागली. ती सगळी आम्ही नोंदवली.

दगड परत जागेवर रोवला त्या दिवशी अक्का कळप घेऊन आल्या होत्या. शिपायांना तो उचलवेना. अक्का मला म्हणाल्या, "एवढं जड दगूड सायेब, तवा बरं उचललात?"

"तेव्हा टाळायचं होतं अक्का. टाळायचं असलं की अंगात बळ येतं."

त्या हसल्या, आणि मेंढरं घेऊन पट्टीत शिरल्या. या खटल्यानं मला जे शिकवलं ते एवढंच. पोलिसानं पहिलं 'काय झालं' हे विचारावं. 'कुठं' हे आता मोबाईल सांगतो.

तो नकाशा आज माझ्याही मोबाईलवर आहे. मजुराचं प्रेत सापडलं होतं तिथं मी एक खूण ठेवली आहे. त्याचं प्रकरण आमच्या ठाण्यात पुन्हा उघडलं गेलं, फोटो गावोगाव गेले, ओळख अजून पटलेली नाही. खुणेखाली नाव लिहायची चौकट रिकामी आहे. पण जागा आता बरोबर आहे. ती आमच्या हद्दीत आहे.