उजव्या अंगाचा बैल

वाटणीच्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझा बैल थोरल्या जावेच्या दावणीला गेला. माझा म्हणते, कारण त्याची आई त्याला जन्म देतानाच मेली, तेव्हा वाटीतल्या दुधात बोट बुडवून त्याला चोखायला मी शिकवलं होतं. गोऱ्ह्याचा बैल झाला तरी माझ्या बांगड्या वाजल्या की तो मान वळवायचा. तेव्हा जाऊ काय करत होती? चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला आयता बैल मिळाला.

चितेगावच्या अलीकडं आमचं रान. दोन भावांत अर्धं अर्धं, मधे बांध, आणि दोघांकडं एकेक बैल. एका बैलावर नांगर चालत नाही, म्हणून सावड केली होती. एक दिवस जोडी त्यांच्या वावरात, एक दिवस आमच्या. आमच्या वाट्याचा बैल डाव्या अंगाला चालायचा, जावेकडं गेलेला माझा उजव्या. जुवाखाली एकदा बाजू ठरली की बैल ती मरेपर्यंत सोडत नाही.

आमच्या पाळीच्या दिवशी मी त्याला गुळाचा खडा द्यायची. तो खायचा, हात चाटायचा, आणि संध्याकाळी सुटला की बांध ओलांडून सरळ तिच्या गोठ्याकडं निघायचा. मागं वळूनसुद्धा बघायचा नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका उन्हाळ्यात आमच्या बैलानं ज्वारीच्या धसकटांना फुटलेले कोवळे फुटवे खाल्ले. त्याला किराळ लागली, कोवळ्या ज्वारीचं विष चढलं. जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत तो पाय ताणून आडवा झाला होता. मी खूप रडले. जाऊ येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली, तो हात मला सोसवला नाही. तिच्या दावणीचा धडधाकट उभा होता ना.

पेरणी तोंडावर आली होती. मालक छावणीच्या गुरांच्या बाजाराला निघाले तेव्हा मी बजावलं, “अवं, आणायचा तर तिच्यापरीस देखणा आणा.”

आणला. पांढराशुभ्र, आणि शिंगं अशी की जाऊ हातातली भाकरी तशीच ठेवून बांधावर बघायला आली. “लई बेस हाय गं,” म्हणाली. त्या संध्याकाळी मी दोन घास जास्तच खाल्ले.

सकाळी दोघांना जुंपलं, नवा डावीकडं. त्यानं दोन पावलं टाकली आणि जुवासकट उजवीकडं सरकायला लागला. माझ्या बैलाला ढकलायचा, फुसफुसायचा, शेवटी नांगराच्या तासात खाली बसला. थोरल्या दिरांनी कपाळावर हात मारला. “आरं, ह्यो बी उजवाच हाय की!” मालकांनी बाजारात दात पाहिले होते, खूर उचलून पाहिले होते, शेपटी ओढली होती. बाजू विचारायची तेवढी राहिली. आता मी देखणा आणा म्हटलं होतं, उजवा आणा असं काही म्हटलं नव्हतं.

दोन उजव्यांतला एक बदलणं भाग होतं. मालक दिरांना म्हणाले, “दादा, तुझा आता उतरणीला लागला. त्यालाच बाजार दाखवू, नवा तरणा हाय.” म्हणणं वावगं नव्हतं. दीर मान डोलवायच्याच बेतात होते.

जाऊ खुरपं टाकून आली आणि त्याचा कासरा मनगटाला गुंडाळून उभी राहिली. “वावर पडीक राहू द्या. पर ह्यो माझ्या दावणीवरून हालायचा नाय.”

ते बोलणं माझं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं. पण बैल तिचा, मी कोणत्या तोंडानं बोलणार? तो वाचावा म्हणून माझा जीव तुटत होता, आणि त्याला वाचवायचा मानही तिनंच पटकावला म्हणून मी जळत होते. “न्या तो पांढरा परत,” मी म्हटलं. मालक माझ्याकडं बघतच राहिले.

पांढऱ्याच्या बदल्यात एका शिंगाचा, काळपट, पण डावा बैल आला. पेरणी लांबली, पण झाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं, ज्याचा बैल त्याच घरानं. जावेनं बांधावरून हाक मारली, “ये गं. एका अंगानं तू मळ.” माझ्याच बैलाचा अर्धा खांदा ती मला देऊ करत होती! तरी गेले. जीव लावून मळत होते, तेवढ्यात त्यानं मान पलीकडं वळवली आणि तिचा पदर चघळायला लागला.

“लई वाईट खोड हाय ह्याला,” जाऊ हसत म्हणाली, “एक पदर धड ठिवत नाय.”

ती खोड माझ्या पदरावर लागलेली होती.

तो गेला तेव्हा तिच्याच रानात पुरला, बांधापासून चार हात आत. थोडा अलीकडं पुरला असता तर काय बिघडलं असतं? तिथं आता हरभरा दाट येतो. दर वर्षी जाऊ तिथले ओंजळभर सोलाणे मला आणून देते. “यंदा लई गोड हायत,” म्हणते. असतातच. मी एकटीच खाते, घरात कुणाला देत नाही.