शारदाक्कांची यादी

कुठल्याही कागदावर शारदाक्का आधी ‘॥ श्री ॥’ लिहायच्या. हजेरीपट असो, दाखला असो, नाहीतर शिपायाला द्यायची चिठ्ठी. कमलनगरच्या आमच्या हायस्कुलात त्या क्लार्क होत्या. शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा हेडमास्तरांसकट सगळे लांब उभे राहिले, आणि निवृत्तीला टेकलेल्या अक्का चष्मा पुसून खुर्चीत बसल्या.

मी त्याच शाळेत शिकलो आणि बसस्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवायचो. एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. शाळेच्या मेळाव्याची पत्रं जुन्या विद्यार्थ्यांना पाठवायची होती. दहावी झाली की पोरं पुण्याला, हैदराबादला पांगायची. अक्कांनी आयाबापांना विचारून विचारून त्यांचे पत्ते तक्त्यात भरले होते. आता तक्त्यातलं एकेक नाव एकेका पत्रात उतरायला हवं होतं, पण छापून आलेलं पहिलंच पत्र होतं, ‘प्रिय नाव, मुक्काम गाव’.

“हे नाव नावाचं पोरगं आपल्या शाळेत तर न्हाई बा शिकलं,” अक्का म्हणाल्या.

मी तक्ता उघडला. पहिल्या ओळीत ‘॥ श्री ॥’! कॉम्प्युटरला पहिल्या ओळीत रकान्यांचे मथळे लागतात. इथे मथळे दुसऱ्या ओळीत, म्हणून त्यानं त्यांनाच पहिला विद्यार्थी मानलं होतं. ही ओळ काढू या, म्हणालो.

“देवाचं नाव खोडायलास? कामून? त्याला खालची ओळ दिसंना का?”

मी हरलो. तक्ता दुसऱ्या ओळीपासून वाचायची सोय करून दिली.

मग एक पत्र पत्त्याविनाच निघालं. नावाकडे नीट न बघताच मी हुशारी दाखवली: पत्त्याचा रकाना कोरा असेल तर पत्र छापायचंच नाही, अशी अट घातली. अक्कांनी चष्मा पुसून पडद्यावरची ती ओळ परत वाचली. “पत्ता न्हाई तर पत्र न्हाई. व्हय, बरोबरच हाय.”

ते नाव प्रकाशचं होतं, त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं. हे घरी पोचल्यावर माझ्या डोक्यात शिरलं. मुंबईला म्हणून गेलेल्या प्रकाशची दोन पत्रं आली, नंतर काहीच नाही. अक्कांसमोर गावात कुणी हा विषय काढत नसे. माझी मला लाज वाटली, पण परत जाऊन बोलायचं धाडस झालं नाही.

पुढे मीही पुण्याला आलो. दरवर्षी ‘॥ श्री ॥’ लिहिलेलं पाकीट यायचं. निवृत्तीनंतरही ती यादी अक्कांनी सोडली नव्हती. फोनवर म्हणायच्या, “पत्र पोचायलंय रे, माणूस येईना.” पुढच्या वर्षी नक्की, असं मी प्रत्येक वर्षी म्हणालो.

मग अक्का गेल्या. मला ते नव्या क्लार्कच्या फोनवरून कळलं, तेही बोलता बोलता. त्याचं मूळ काम वेगळंच होतं: पत्रांत नावं नीट उतरत नव्हती. इतक्या वर्षांत गावी गेलो तो असा, दुरुस्तीसाठी.

तक्त्यात पहिल्या ओळीतलं ‘॥ श्री ॥’ तसंच होतं; नव्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या ओळीपासून वाचायची सोय तेवढी नव्हती, ती परत करून दिली. खाली स्क्रोल करत प्रकाशच्या ओळीशी आलो आणि थांबलो. पत्ता कोरा नव्हता. अक्कांनी स्वतःच्याच घराचा पत्ता लिहिला होता.

“दरसाली त्यांच्याच घरी एक पत्र जायचं,” क्लार्क म्हणाला. “पोस्टमन विचारायचा, अक्का, सोताला पत्र कामून धाडता? तर म्हणायच्या, पोरगं आलं की वाचंल.” मग माउस धरून त्यानं विचारलं, “आता घर बंद हाय. ही ओळ काढू का?”

“नको,” मी म्हणालो. “छापा.”

प्रिंटरमधून कागद बाहेर आला. ‘प्रिय प्रकाश, आपण अवश्य यावे. आम्ही वाट पाहत आहोत.’ पुण्याच्या माझ्या कपाटातल्या प्रत्येक पत्रात हेच लिहिलं होतं.